सतरा सप्टेंबरच्या बैठकीतली रिकामी खुर्ची

२०२३ चा ऑगस्ट महिना. मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या अमृतमहोत्सवी वर्षाची सांगता तोंडावर आली होती. मी पुण्याहून सुट्टी काढून धाराशिव जिल्ह्यातल्या आमच्या गावी गेलो होतो. शाळेतला एक मित्र आता शिक्षक आहे. तो म्हणाला, "उद्या सतरा सप्टेंबरच्या नियोजनाची बैठक आहे. चल माझ्यासोबत. तुमच्यातलं कुणी येतच नाही."

'तुमच्यातलं' हा शब्द टोचला, म्हणूनच गेलो.

टेबलाभोवती सरकारी अधिकारी होते, नगरपालिकेचे लोक होते, पोलीस होते, शाळांचे मुख्याध्यापक, दोन व्यापारी आणि माजी सैनिकांच्या संघटनेचे पाच जण होते. माजी सैनिकांची तयारी सगळ्यांत चांगली होती. त्यांच्याकडे मिनिटामिनिटाचा कार्यक्रम लिहून तयार होता. संचलन कुठून निघणार, बँड कुठे थांबणार, हुतात्मा स्मारकावर पुष्पचक्र कधी, हवेत फैरी कधी, 'ऑपरेशन पोलो'चा नकाशा कुठे लावायचा, सगळं ठरलेलं. गावाने माणसं, मैदान आणि पैसा द्यायचा, फौजेतल्या लोकांनी शिस्त द्यायची. मला हे सगळं आवडलं, हे आधीच सांगून टाकतो. लहानपणी बँडमागे धावणाऱ्या पोरांत मीही होतो.

मग शाळांच्या चित्ररथांचे कागद फिरले. एका कागदावर पोशाखांची यादी होती. 'रझाकार, सहा मुलं : शेरवानी, पायजमा, जाळीची टोपी, चिकटवायची दाढी, सुरमा.'

मी ती ओळ दोनदा वाचली. हा माझ्या आजोबांचा ईदच्या दिवशीचा पोशाख होता.

मी हात वर केला. म्हणालो, त्या काळची छायाचित्रं बघा. रझाकार गणवेशात कवायत करताना दिसतात. ती एक निमलष्करी संघटना होती. तिचा गणवेश सोडून तुम्ही मुलांना एका समाजाचा सणाचा पोशाख का घालताय? खोलीत शांतता झाली. मग एकजण हसत म्हणाला, "म्हणजे तुम्ही रझाकारांची बाजू घेताय का?"

बाकीचे गप्प राहिले. मला वाचवलं ते एका निवृत्त सुभेदारांनी. ते म्हणाले, "पोरगं बरोबर बोलतंय. दुश्मन वर्दीवरून ओळखायचा असतो. दाढीवरून नाही." पोशाख बदलला. खाकी ठरला.

मला धीर आला आणि मी दुसरी सूचना केली. संचलनाआधी दोन मिनिटं मौन पाळू या. रझाकारांनी ज्यांना मारलं त्यांच्यासाठी, आणि सतरा सप्टेंबरनंतर जे मारले गेले त्यांच्यासाठीही. आता मात्र सुभेदारही खाली बघू लागले. उत्तर आलं, "कार्यक्रम आनंदाचा आहे. आणि वेळ बसत नाही."

पंचाहत्तर वर्षांच्या कार्यक्रमात दोन मिनिटं बसत नव्हती.

आता ज्यांना हा इतिहास शाळेत अर्धाच मिळाला, त्यांच्यासाठी उरलेला अर्धा थोडक्यात सांगतो. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरलं. मुख्य फौज मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या नेतृत्वाखाली सोलापूरकडून नळदुर्गच्या रस्त्याने आली. १७ तारखेला निजामाने शस्त्रं खाली ठेवायचा आदेश दिला आणि १८ ला त्याच्या फौजेने रीतसर शरणागती पत्करली. रणगाडे आणि विमानं वापरून झालेल्या या लष्करी मोहिमेला सरकारने 'पोलीस ॲक्शन' म्हटलं. आपल्या घरांत आजही तोच शब्द आहे. म्हातारी माणसं आपलं वय त्यावरून मोजतात.

त्याआधी वर्ष-दीड वर्ष कासिम रझवीच्या रझाकारांनी गावोगाव जुलूम केला होता. बिदर जिल्ह्यातल्या गोरट्यात मे १९४८ मध्ये त्यांनी केलेली कत्तल हा इतिहास आहे. ते नाकारणारा माणूस माझ्या बाजूचा नाही. हा रझवी लातूरचा वकील होता, म्हणजे आपल्याच भागातला. हेही लपवायचं कारण नाही.

आणि त्यानंतर काय झालं, तेही इतिहासच आहे. पंतप्रधान नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना संस्थानात पाठवलं. नोव्हेंबर १९४८ च्या अखेरीपासून डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत ते गावोगाव फिरले. त्यांचा अंदाज होता की कारवाईच्या काळात आणि त्यानंतर २७ हजार ते ४० हजार माणसं मारली गेली. सर्वांत जास्त झळ बसलेले चार जिल्हे त्यांनी सांगितले : उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड. एकट्या या चार जिल्ह्यांत १८ हजारांहून कमी माणसं गेली नसावीत, असं त्यांनी लिहिलं. आजचा लातूर जिल्हा तेव्हा उस्मानाबादेतच होता. म्हणजे ज्या टेबलाशी मी बसलो होतो, ते टेबल त्या नकाशाच्या मधोमध होतं.

या अहवालात काय आहे आणि काय नाही, हे नीट समजून घ्या, कारण दोन्हीकडचे लोक त्याचा आपल्याला हवा तेवढाच तुकडा तोडून घेतात. काही ठिकाणी सैनिकांनी जमावाला लुटीसाठी चिथावलं, काही ठिकाणी स्वतः हत्येत भाग घेतला, असं त्यात आहे. अनेक ठिकाणी सैन्याने चांगली वागणूक दिली आणि मुसलमानांचं रक्षण केलं, असंही त्यातच आहे. शेजारच्या मुसलमानांना वाचवताना जीव गमावलेले हिंदू त्यात आहेत. हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना जमावापासून वाचवलं आणि त्याची जबर किंमत मोजली, हेही तिघांनी नोंदवून ठेवलं आहे. हा अहवाल कित्येक दशकं जाहीर झाला नाही. दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो लोकांना पाहायला मिळाला, ही अलीकडची गोष्ट आहे.

कुणी म्हणेल, हे आकडे वादग्रस्त आहेत. आहेतच. तो अंदाज होता, मोजणी नव्हती. मी इंजिनिअर आहे. आकडा पटत नसेल तर पुन्हा मोजायचं असतं, फाईल बंद करायची नसते. पंचाहत्तर वर्षांत कुणी मोजलं?

आता माझा मुद्दा. सैन्य आणि गाव मिळून एखादा मोठा स्मृतिदिन आखतात, तेव्हा गाव सैन्याकडून नेमकं काय उसनं घेतं? बँड घेतं, पथसंचलन घेतं, फैरी घेतं. पण सैन्याच्या स्मृतिदिनात याहून महत्त्वाची एक गोष्ट असते. शहीद स्मारकापुढे सैनिक आधी मौन पाळतो. बंदूक उलटी धरून मान खाली घालतो. त्याला शोकशस्त्र म्हणतात. जिंकलेल्या लढाईच्या दिवशीसुद्धा फौज आधी मेलेल्यांची आठवण काढते आणि मग बाकीचं करते. आपल्या सतरा सप्टेंबरने फौजेची सलामी उचलली आणि तिचं मौन मात्र मागे सोडलं. हुतात्म्यांना फुलं मिळतात, ती मिळायलाच हवीत. पण ज्या बाया-माणसांनी ना रझाकारी केली ना सत्याग्रह, जी फक्त चुकीच्या आठवड्यात चुकीच्या नावाने जिवंत होती, त्यांच्यासाठी कार्यक्रमपत्रिकेत एक ओळ नाही.

मौन मागितलं की लगेच म्हणतात, हा सैन्याचा अपमान आहे. नाही. अपमान कशात आहे ते सांगतो. ज्या तुकड्यांनी मुसलमान वस्त्यांना संरक्षण दिलं, त्यांची ही कामगिरी आपल्या प्रदर्शनात कुठेच नसते. नकाशावर फक्त बाण असतात. गुन्हे झाकण्याच्या नादात आपण चांगल्या सैनिकाचं शौर्यही झाकून टाकलं. ज्याला फौजेचा खरा अभिमान आहे, त्याने तर हा अहवाल स्वतःहून मागायला हवा.

आणखी एक. 'मुक्ती' म्हणजे मुसलमानांपासून मुक्ती, असा अर्थ ज्यांना हवा आहे त्यांनी पुढची तारीख लक्षात ठेवावी. २६ जानेवारी १९५० ला निजाम मीर उस्मान अली खान हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला आणि १९५६ पर्यंत त्या पदावर राहिला. तनखाही चालू राहिला. ज्याच्या राजवटीविरुद्ध लढा झाला, त्याला मानाची खुर्ची मिळाली. आणि हिशेब चुकता केला कुणी? उस्मानाबादच्या विणकराने, तांबोळ्याने, बागवानाने, शेतमजुराने. ज्याच्याकडे निजामाच्या काळात जमीन नव्हती आणि नंतरही आली नाही, त्याने.

इथवर वाचून तुम्ही मान डोलावत असाल, तर आता पुढचं वाचा. ते तुमच्यासाठी आणि माझ्यासाठी आहे.

त्या बैठकीला आपल्या समाजाच्या दोन नगरसेवकांना निमंत्रण होतं. मी विचारलं तेव्हा मला पाठवलेल्या पत्राची प्रत दाखवली गेली. दोघंही आले नाहीत. त्यांच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. मी बैठकीला गेलो हे मोहल्ल्यात कळलं, तेव्हा संध्याकाळी एका चाचांनी मला थांबवून विचारलं, "वहां क्या लेने गया था? वो अपना दिन है क्या?"

हो, चाचा. आपलाही आहे.

निजाम मुसलमान होता म्हणून त्याचं राज्य आपलं होतं, ही गोष्ट आपल्याला कुणी शिकवली? रझवीने शिकवली. आणि आज जे लोक आपल्याला रझाकारांची औलाद म्हणतात, तेही नेमकी हीच गोष्ट शिकवतात. दोघांचं एकमत आहे, फक्त आपण कुठे उभं राहायचं ते दोघं परस्पर ठरवतात. १७ सप्टेंबरला घरात बसून राहणं म्हणजे त्या दोघांच्या म्हणण्यावर सही करणं. जहागिरी गेल्या त्या १९४९ मध्ये. मत मिळालं ते त्यानंतर. नवाबाच्या हवेलीपुढे वाकायचं थांबलं ते आपल्याच पणजोबांचं. या मुक्तीत आपला वाटा आहे आणि या दुःखातही आहे. दोन्ही एकाच माणसाच्या छातीत मावतं. आपल्या घरांत तर पंचाहत्तर वर्षं मावलंय.

शोएबुल्ला खान हे नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकलंय? हैदराबादेत 'इमरोज' नावाचं उर्दू दैनिक चालवणारा संपादक. संस्थानाने भारतात सामील व्हावं, असं त्याने उर्दूत आणि उघडपणे लिहिलं. ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्याला रस्त्यात गाठून मारलं आणि त्याचा लिहिता हात तोडला. वय तिशीच्याही आत. माझ्यापेक्षा लहान. त्याच वर्षी ३ जुलैला काश्मीरच्या आघाडीवर झांगडजवळ ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान भारतासाठी लढताना शहीद झाले होते. म्हणजे ज्या सैन्याच्या तुकड्या सप्टेंबरमध्ये नळदुर्गच्या रस्त्याने आल्या, त्या सैन्याने अडीच महिन्यांपूर्वीच एका मुसलमान ब्रिगेडियरला खांदा दिला होता. ही दोन नावं चित्ररथावर का नाहीत, असं आपण विचारतो. पण ती नावं सुचवायला बैठकीत होतं कोण?

माझ्या कामात एक साधी गोष्ट रोज दिसते. सॉफ्टवेअर काय असावं हे पहिल्या बैठकीत ठरतं. ज्या बैठकीत गरजा लिहिल्या जातात, तिथे तुम्ही नसाल, तर सहा महिन्यांनी तुमच्या हातात तयार वस्तू येते आणि तुम्ही फक्त चुका दाखवत बसता. तोवर फार उशीर झालेला असतो. चूक दाखवणारा माणूस सगळ्यांना अडथळा वाटतो. आपण मुसलमान तरुण प्रत्येक सार्वजनिक सोहळ्यात हेच करतो. आखणीच्या दिवशी गैरहजर, आणि कार्यक्रमाच्या रात्री व्हॉट्सॲपवर हजर.

नावावरूनच किती ओढाताण आहे ते पाहा. २०२२ मध्ये एकाच शहरात, एकाच दिवशी, दोन सरकारांचे दोन वेगळे सोहळे झाले. सिकंदराबादच्या परेड ग्राउंडवर केंद्र सरकारने 'हैदराबाद मुक्ती दिन' साजरा केला. त्याच वेळी तेव्हाचं तेलंगणा सरकार हैदराबादेत 'राष्ट्रीय एकात्मता दिन' साजरा करत होतं. पलीकडे कर्नाटकात गुलबर्गा-बिदरकडे तो 'कल्याण कर्नाटक' या नावाने होतो. आणि आपल्याकडे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. एकाच तारखेला इतकी नावं मिळतात, याचा अर्थ या दिवसाचा अर्थ अजून ठरतोय. जो बैठकीत बसेल, तो ठरवेल. मैदान कुठलं, पाहुणा कोण, आधी बँड की आधी मौन, मुलांच्या अंगावर काय, या बारीकसारीक गोष्टींतूनच गावाला कळतं की कोण आपला आणि कोण परका.

मग करायचं काय? माझ्या चार मागण्या आहेत.

एक. सतरा सप्टेंबरच्या प्रत्येक शासकीय कार्यक्रमात संचलनाआधी दोन मिनिटांचं मौन. हैदराबाद संस्थानात १९४७-४८ मध्ये मारल्या गेलेल्या सर्वांसाठी, एवढाच शब्द. धर्म लावू नका, यादी नको, भाषण नको. गोरट्यात गेलेला त्यात आला आणि उस्मानाबादेत गेलेलाही आला.

दोन. कुठल्याही शाळेच्या चित्ररथात खलनायकाचा पोशाख म्हणून एखाद्या समाजाचा पोशाख वापरायचा नाही. रझाकाराला रझाकाराचा गणवेश द्या.

तीन. हुतात्म्यांच्या नामवाचनात शोएबुल्ला खान यांचं नाव घ्या. आणि प्रदर्शनात लढाईच्या नकाशाशेजारी एक फलक त्या सैनिकांसाठी आणि त्या शेजाऱ्यांसाठी लावा, ज्यांनी माणसं वाचवली.

चार. सुंदरलाल समितीचा अहवाल मराठीत आणून मराठवाड्यातल्या प्रत्येक जिल्हा ग्रंथालयात ठेवा. सोबत रझाकारांच्या अत्याचारांची कागदपत्रंही ठेवा. वाचणारा स्वतः ठरवेल.

या मागण्यांत कुणाचं काही कमी होत नाही. फैरी झडू द्या, तिरंगा फडकू द्या, बँड वाजू द्या. आम्ही पुढच्या रांगेत उभे राहू. फक्त आधी दोन मिनिटं मान खाली घाला.

आणि आपल्या लोकांसाठी पाचवी गोष्ट. ती मागणी नाही, काम आहे. घरात ऐंशी ओलांडलेलं कुणी असेल तर या महिन्यात त्यांच्याजवळ बसा, मोबाईल सुरू करा आणि विचारा. माझी दादी तेव्हा नऊ वर्षांची होती. तिला आणि तिच्या आईला एका कोष्ट्याच्या घरात मागाच्या खड्ड्यात चार दिवस लपवलं होतं. तिचे अब्बा बाजाराला गेले ते परतले नाहीत. हे तिने मला वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी सांगितलं, आणि तेही मी विचारलं म्हणून. २०२३ च्या सतरा सप्टेंबरला मी कार्यक्रमाहून घरी आलो, तर तिने विचारलं, "मेरे अब्बा का नाम लिए क्या रे?"

मी म्हणालो, "नाही दादी. अजून नाही."

ती काही बोलली नाही. माळ ओढत राहिली.

२०२८ मध्ये या घटनेला ऐंशी वर्षं होतील. पुन्हा मोठा सोहळा होईल, पुन्हा फौजेतली माणसं आणि गावातली माणसं एका टेबलाशी बसतील. पण तोवर थांबायची गरज नाही, कारण बैठक दरवर्षी होते. बहुतेक ऑगस्टमध्ये. जुलैतच तहसीलमध्ये किंवा नगरपालिकेत जाऊन तारीख विचारा. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. एकटे जाऊ नका, आणि फक्त आपल्याच लोकांना घेऊनही जाऊ नका. तुमच्या वर्गातला तो शिक्षक मित्र, एखादे निवृत्त सुभेदार, एखाद्या कोष्ट्याचा नातू, यांना सोबत घ्या. पाण्याची, मांडवाची, माईकची जबाबदारी मागून घ्या. काम करणाऱ्या माणसाला दोन मिनिटं नाकारणं अवघड जातं.

मी गेल्यावर पहिल्या वर्षी फक्त एक पोशाख बदलला. मौन मिळालं नाही. पण त्या सहा मुलांपैकी कुणाच्याही चेहऱ्यावर माझ्या आजोबांची दाढी चिकटवली गेली नाही. एका माणसाने, एका बैठकीत, एवढं झालं. पुढच्या बैठकीत आपण पाच जण असू, तर सुभेदारांनाही मान वर करून बोलता येईल.

तारीख विचारून ठेवा.